चार ठिपक्यांमागे एक रंग

माझे डोळे अधिकृतपणे बिघडले तो मंगळवार होता आणि वेळ होती सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. अकरा एकोणीसपर्यंत ते ठणठणीत होते असं माझं मत आहे, पण पुढचे तेवीस दिवस माझ्या मताला कोणी विचारलं नाही.

मी शिवणाच्या दोऱ्याच्या कारखान्यात शेड तपासतो. असं सांगितलं की लोक "अच्छा" म्हणतात आणि हवापाण्यावर बोलायला लागतात, म्हणून इथेच उलगडून सांगतो. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं. आमचं रंगखातं त्या तुकड्याच्या रंगाचा दोरा तयार करतं. तो दोरा त्या कापडाशी खरोखर जुळतो की नाही, हे मी उत्तरेकडच्या खिडकीपाशी उभं राहून ठरवतो. जुळला तर माझी सही, नाही जुळला तर अख्खा लॉट पुन्हा रंगाच्या टाकीत. एकोणतीस वर्षं मी एवढंच करत आलो आहे. कारखान्यात मला शेडमास्तर म्हणतात आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला बरं वाटतं.

घरी या पदवीला फारशी किंमत नाही. बायको जगातल्या यच्चयावत जांभळ्या रंगांना 'वांगी' म्हणते. जांभळ्याच्या सात छटा तिला समजावून सांगायचा प्रयत्न मी लग्नानंतरची पहिली चार वर्षं केला. मग तिने तो सोडायला लावला. कसा, ते इथे सांगण्यासारखं नाही.

तर तो मंगळवार. कारखान्याने सगळ्यांचा विमा नव्याने उतरवायचा ठरवला होता आणि त्यासाठी आम्हा दोनशे चौदा जणांची तपासणी व्हायची होती. पूर्वी अशा वेळी एक डॉक्टर कँटीनमध्ये येऊन बसायचे आणि सगळ्यांना जीभ बाहेर काढायला लावायचे. आता हे काम एका एजन्सीकडे गेलं होतं. ज्याने त्याने घरी कॉम्प्युटरसमोर बसायचं, पलीकडे डॉक्टर दिसणार. वजन आपणच सांगायचं, उंचीही आपणच सांगायची. मी दोन्ही थोडी सोयीची सांगितली.

शेवटी डोळे. त्यात रंगाची परीक्षा सगळ्यांनाच होती, कारण फॉर्ममध्ये तसा रकाना होता आणि रकाना रिकामा सोडायची आपल्याकडे पद्धत नाही. गोलात भरलेले रंगीत ठिपके असतात आणि त्यात एक आकडा लपलेला असतो, तो ओळखायचा. ही परीक्षा मी नोकरीला लागताना कागदी पुस्तकावरून दिली होती आणि तेव्हाचे डॉक्टर माझ्याकडे बघून कौतुकाने हसले होते. म्हणून या वेळी मी बायकोला आणि मुलीला मुद्दाम शेजारी, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने बसवून घेतलं. आपली कर्तबगारी घरच्यांनी एकदा तरी डोळ्यांनी बघावी, एवढीच माफक इच्छा.

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन उघडला आणि त्यात ठिपक्यांचं चित्र आलं.

"काय दिसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बारा."

"बरोबर. हा सगळ्यांनाच दिसतो, याला मार्क नाहीत. पुढचं?"

पुढच्या चित्रात मला ठिपके दिसले. मातकट, ओशाळलेले ठिपके. आकडा नव्हता.

"ठिपके," मी म्हणालो.

"आकडा सांगा."

"आकडा नाहीये, डॉक्टर. ठिपकेच आहेत."

"बरं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. डॉक्टर लिहायला लागले की निरोगी माणूसही आपले जुने आजार आठवायला लागतो. मी तिरक्या नजरेने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. तिच्याबद्दल मला आश्चर्य वाटलं नाही. मुलीकडे पाहिलं, तर तिनेही ओठ काढले. तिचं मात्र वाईट वाटलं, कारण पोर माझ्यावर गेली आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. अशी अकरा चित्रं झाली. शेवटच्या दोन चित्रांत मी पंचेचाळीस आणि सहा असे आकडे अंदाजे सांगितले, तेव्हा डॉक्टर समजुतीच्या स्वरात म्हणाले, "राहू द्या, काका."

संध्याकाळी सर्टिफिकेट आलं. 'रंगदृष्टी: सदोष.' खाली शिक्का आणि त्याखाली, हे सर्टिफिकेट पाच वर्षं वैध आहे, असा दिलासा.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. आमच्या केबिनचं दार एरवी लागत नाही, त्याला खालून पुठ्ठा लावावा लागतो. त्यांनी तो वाकून स्वतः लावला, तेव्हाच मी समजलो.

"तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या नावापुढे 'रंगाशी संबंधित काम' असं लिहिलंय, म्हणून एजन्सीने तुमचंच सर्टिफिकेट वेगळं काढून पाठवलं. आता ते फायलीला लागलं. विश्वासाला फायलीत जागा नसते. तुम्ही रजेवर जा आणि ते सर्टिफिकेट तेवढं दुरुस्त करून आणा."

"आणि शेड कोण बघणार?"

"स्टोअरकीपर बघेल. बघेल म्हणजे, तो दोरा कापडावर ठेवून गिऱ्हाइकाला व्हिडिओवर दाखवेल. गिऱ्हाईक स्वतःच हो म्हणालं की झालं." मग ते जरा चाचरत म्हणाले, "खरं सांगू का, वरून विचारणा होतीच. या खुर्चीची गरज आहे का, अशी. या निमित्ताने कळेल."

एवढं बोलून त्यांनी पुठ्ठा काढला. एकोणतीस वर्षांचा हिशेब एका माणसाने वाकून उचललेल्या पुठ्ठ्याबरोबर मोकळा होतो, हे बघून मला रागही नीट येईना.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आमच्या इमारतीत कुठलीही बातमी जिना चढून येत नाही, ती गॅलऱ्यांमधून वर सरकते. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक दारातच उभे होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन, मुलालाही दिसत नाही म्हणतात, असं विचारलं. मुलगा नाही, मुलगी, मी म्हणालो. मग त्यांनी आनुवंशिकता या विषयावर दहा मिनिटं घेतली. 

"पण बायकोलाही दिसत नाही," मी शंका काढली.

"सहवास," मुख्याध्यापक म्हणाले. "वर्षानुवर्षं एकत्र राहून माणसं एकमेकांसारखी दिसायला लागतात. मग एकमेकांसारखं बघायला का लागणार नाहीत?"

पुढच्या चार दिवसांत उपायांची रीघ लागली. कोणी गाजर सांगितलं, कोणी गवतावर अनवाणी चालायला सांगितलं. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनी त्यांच्या दिवंगत सासऱ्यांचा पिवळ्या काचांचा चष्मा आणून दिला. तो लावल्यावर मला सगळं पिवळं दिसलं, आणि हे मी प्रामाणिकपणे सांगताच त्या म्हणाल्या, "बघा, एक तर रंग आला." जिन्यात भेटणारा प्रत्येक जण पिशवीतून टोमॅटो काढून माझ्या नाकासमोर धरायचा आणि विचारायचा, हा कुठला? मी "लाल" म्हटलं की ते एकमेकांकडे अशा नजरेने बघायचे की याने पाठ केलंय. चौकातला सिग्नल ओलांडताना मुख्याध्यापक माझा दंड धरत. एकदा त्यांनी मला लाल दिव्यात ओढून नेलं, कारण त्यांचं लक्ष दिव्यापेक्षा माझ्या दंडाकडे जास्त होतं.

एजन्सीच्या कचेरीत मी तीनदा गेलो. पहिल्यांदा जेवणाची सुट्टी होती. दुसऱ्यांदा खिडकीवरचा माणूस म्हणाला, की अपिलाचा फॉर्म हिरव्या रंगाचा आहे, पलीकडच्या खणातून घ्या. मग माझा कागद वाचून तो उठला आणि म्हणाला, "थांबा, तुम्हाला जमायचं नाही, मीच देतो." त्याने दिलेला फॉर्म निळा होता. मी तसं सांगितलं. तो दयाळूपणे हसला आणि म्हणाला, "असू दे, असू दे." तो निळा फॉर्म रजेच्या अर्जाचा निघाला आणि आठवड्याने परत आला. तिसऱ्या खेपेला मी स्वतः खणातून हिरवा फॉर्म उचलला, तर 'रंगदृष्टी सदोष असल्यास फॉर्मचा रंग बरोबर असल्याबद्दल साक्षीदाराची सही' अशी ओळ खाली होती. साक्षीदार म्हणून मी बायकोला नेलं. तिने फॉर्म वरखाली करून बघितला आणि सही करण्यापूर्वी मला हळूच विचारलं, "हा वांगी नाही ना?" ती मुद्दाम विचारत होती. या सगळ्या काळात घरात हसणारी ती एकटीच होती.

मी हसत नव्हतो, कारण माझ्या मनात भलतंच सुरू झालं होतं. माझ्या कपाटात जुन्या शेडची वही आहे, जांभळ्याचं एक पान आहे, सातही दोरे शेजारी शेजारी गुंडाळलेले. एका दुपारी घरात कोणी नसताना मी ती खिडकीत नेली आणि पाचवा आणि सहावा यांतला फरक शोधायला लागलो. फरक होता. मग मला वाटलं, फरक आहे हे मला माहीत आहे म्हणून तो दिसतोय. मग वाटलं, एकोणतीस वर्षं मी असाच तर सह्या करत आलो नसेन ना, माहीत आहे म्हणून दिसतंय असं? त्या दुपारी मी फार घाबरलो. माणसाला नोकरी गेल्याचं दुःख सोसतं, पण आपण कधी त्या नोकरीच्या लायकच नव्हतो ही शंका सोसत नाही.

अशा अवस्थेत रविवारी मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ समारंभांचे व्हिडिओ जोडण्याचं काम करतो आणि त्याबद्दल बोलतो. फार बोलतो. तो आला की मी सहसा गादीला ऊन दाखवायला गच्चीवर जातो. त्या दिवशी अंगात तेवढंही त्राण नव्हतं, म्हणून मी बसून राहिलो आणि त्याला सगळं सांगितलं.

त्याने एकच प्रश्न विचारला. "भावोजी, चित्रं कागदावर होती की व्हिडिओत?"

"व्हिडिओत. एवढ्याशा चौकोनात."

"मग कोणाला दिसणार?" तो म्हणाला आणि चहाचा कप बाजूला ठेवून मांडी घालून बसला. "हे बघा. माणसाचा डोळा उजेड आणि अंधार फार बारकाईने बघतो, पण रंग बघतो ढोबळ."

"सगळ्यांचा नाही," मी म्हणालो.

"तुमचा सोडून. तर व्हिडिओचा पडदा म्हणजे लाखो बारीक ठिपके, तुमच्या परीक्षेतल्यांपेक्षा कितीतरी बारीक. ते सगळे पाठवायचे म्हणजे ओझं फार होतं. म्हणून काय करतात, प्रत्येक ठिपक्याचा उजेड जसाच्या तसा पाठवतात. रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच. चौघांची सरासरी काढायची आणि चौघांना तीच फासायची. निम्मं ओझं तिथेच वाचतं आणि एरवी कोणाला पत्ताही लागत नाही, कारण चेहरा, भिंत, आकाश यांत रंग दर ठिपक्याला बदलत नाही. एजन्सीने त्या पुस्तकाचा व्हिडिओ काढला असणार, मग तो लहान केला असणार, मग नेटवरून पाठवताना अजून पिळला असणार. दरवेळी पहिला बळी रंगाचा."

"पण मग बारा कसा दिसला?"

"त्यात उजेडाचाही फरक ठेवलेला असतो. बाकीच्या चित्रांत उजेड मुद्दाम विस्कटून टाकतात, म्हणजे आकडा फक्त रंगावरून कळावा."

ज्या एका गोष्टीची परीक्षा, नेमकी तीच वाटेत टाकून दिलेली. आणि न दिसल्याचं सर्टिफिकेट मला.

मेहुण्यावर आयुष्यात पहिल्यांदा विश्वास ठेवायची वेळ आली होती, म्हणून मी पुरावा मागितला. त्याला एक लाल आणि एक हिरवा दोरा हवा होता, दोन्ही सारख्याच उजेडाचे. हे काम या घरात फक्त मी करू शकत होतो. वीसेक रिळं बाजूला सारून मी दोन काढली. एका पुठ्ठ्यावर लाल, हिरवा, लाल, हिरवा असे दोरे शेजारी शेजारी घट्ट गुंडाळले. बायको फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, मेहुण्याने तिला व्हिडिओ कॉल लावून आपला फोन खोलीच्या एका टोकाला टेकवला आणि दुसऱ्या टोकाला उभं राहून पुठ्ठा त्यासमोर धरला.

"काय दिसतं, ताई?"

"खाकी पुठ्ठा," आतून आवाज आला.

मग ती बाहेर आली, पुठ्ठा हातात घेतला आणि त्यावरून बोट फिरवलं. "अगं बाई, लाल-हिरव्या रेघा आहेत की." मुलीनेही फोनवर खाकीच पाहिलं आणि हातात घेऊन रेघा मोजल्या. पोर माझ्यावरच गेली आहे हे सिद्ध झालं.

"तुझेही डोळे ठीक आहेत," मी बायकोला मोठ्या मनाने म्हणालो.

"मला कधी शंका नव्हती," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांबद्दलही नव्हती. ती तुम्हालाच होती." आणि ती पुठ्ठा घेऊन आत गेली. मला त्या क्षणी तिचा फार आधार वाटला, पण तसं बोलून दाखवायची आमच्यात सवय नाही.

अपिलाची सुनावणी अर्थातच व्हिडिओवर होती. तेच डॉक्टर, तोच छोटा चौकोन. त्यांनी दुसरं चित्र लावलं. मी म्हणालो, "डॉक्टर, आधी तुम्ही वाचा."

"मला माहितेय की. हा आठ."

"मग क्रम बदलून लावा, मधलं कुठलंही. आणि पुस्तकाकडे न बघता पडद्यावर वाचा."

डॉक्टर तरुण होते आणि मनाने सरळ होते, म्हणून त्यांनी तसं केलं. ते पडद्याजवळ गेले. मग लांब गेले. चष्मा काढून पुसला. त्यांच्या कपाळावरचा घाम मला स्पष्ट दिसला, कारण घाम हा उजेडाचा प्रकार आहे.

"ठिपके दिसतायत," ते शेवटी म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी मला कचेरीत बोलावलं. टेबलावर पुस्तक उघडलं आणि मी पानं उलटत आकडे वाचत गेलो, जणू घराचे नंबर वाचत चाललो आहे. एक मिनिटही लागलं नाही. डॉक्टरांनी माझी माफी मागितली आणि 'प्रत्यक्ष पाहणीत रंगदृष्टी उत्तम' असं पत्र दिलं. जुनं सर्टिफिकेट मात्र रद्द होणार नव्हतं. रद्द करायचा फॉर्मच नव्हता. "दोन्ही फायलीला लावा," ते म्हणाले. त्यामुळे आजच्या तारखेला माझी रंगदृष्टी कागदोपत्री एकाच वेळी सदोष आणि उत्तम आहे.

चोविसाव्या दिवशी मी माझ्या खिडकीपाशी उभा राहिलो. टेबलावर तेवीस दिवसांत पास झालेल्या लॉटचे नमुने होते, एकूण चौतीस. स्टोअरकीपरने प्रत्येकावर इमानेइतबारे शिक्का मारला होता. एकाही गिऱ्हाइकाने नाही म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? दोरा बारीक, कापड मोठं. व्हिडिओत दोऱ्याच्या रंगाची आजूबाजूच्या कापडाशी सरासरी होते आणि कुठलाही दोरा कुठल्याही कापडाशी जुळतो. मी दुपारपर्यंत एकेक नमुना उजेडात धरला आणि अकरा बाजूला काढले.

मॅनेजरसाहेबांना बोलावून दाखवले. त्यांनी पहिला बघितला, दुसरा बघितला, तिसऱ्यापाशी थांबले.

"मला सगळे सारखेच दिसतायत," ते म्हणाले. त्यांचा सूर वाईट नव्हता. "गिऱ्हाइकालाही सारखेच दिसले. तुम्हाला फरक दिसतो, मान्य. पण तो आणखी कोणालाच दिसत नसेल, तर वर काय सांगू मी? खुर्ची कशासाठी ठेवायची?"

पत्र खिशात होतं, पण त्यात फक्त मला दिसतं एवढंच लिहिलं होतं. मी म्हणालो, निदान हे अकरा लॉट बाहेर गेले की अजून आहेत ते बघून येतो. साहेबही माझ्यामागोमाग आले.

पॅकिंग खात्यात रिळं आणि सोबतचा कापडाचा तुकडा खोक्यांत भरणाऱ्या एक बाई आहेत. अठरा वर्षं त्या तिथे आहेत आणि त्यांना आम्ही पॅकिंगबाई म्हणतो. मी लॉटचे नंबर वाचायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "ते होय, ते गेले नाहीत. ते मी टेबलाखाली ठेवलेत. बाकीची गाडी आधी भरून घेतली."

त्यांनी वाकून खोकी पुढे ओढली. मी नंबर ताडून बघितले. माझे अकराही त्यात होते. खोकी बारा होती.

"हे बारावं कशाला ठेवलंत?" मी विचारलं.

"ते पण नाही ना जुळत," त्या म्हणाल्या. "जरा लालसर मारतंय."

मी ते रीळ आणि त्याचं कापड घेऊन खिडकीपाशी गेलो. सकाळी मी त्याला पास केलं होतं. या वेळी मी बराच वेळ बघितलं. लालसर मारत होतं, अगदी किंचित, पण मारत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतकं बरं वाटलं की क्षणभर समोरचं कापडही धूसर दिसलं.

"अहो, मग बोलला का नाहीत?" साहेबांनी त्यांना विचारलं. "तीन आठवडे नुसतं टेबलाखाली ठेवत बसलात?"

पॅकिंगबाई ओशाळल्या. "कशी बोलणार, साहेब? माझ्या सर्टिफिकेटात लिहून आलंय ना, रंगदृष्टी सदोष म्हणून. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांत काहीतरी आहे. भरायला हात होईना आणि सांगायला तोंड होईना, म्हणून बाजूला ठेवले."

साहेबांनी ऑफिसातून सर्टिफिकेटांचा अख्खा गठ्ठा मागवला. ऑफिसातल्या प्रतींत माझी सोडली तर आजवर कोणी एकही उघडली नव्हती, आणि ज्याचं त्याने घरी आलेलं बहुधा वाचलंच नव्हतं. उभ्या उभ्या त्यांनी पंचवीस-तीस पाहिली. सगळी सदोष होती. स्टोअरकीपरचं होतं. साहेबांचं स्वतःचंही होतं. त्यांनी गठ्ठा बांधून ठेवायला सांगितला आणि मला विचारलं, "आणखी काय लागेल तुम्हाला?"

"अजून एक खुर्ची," मी म्हणालो. "खिडकीपाशी."

ती लगेच आली. बारा लॉटचे परतीचे कागद मी लिहायला घेतले. अकरांवर मी सही केली आणि बारावा पॅकिंगबाईंच्या पुढे सरकवला. त्यांनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही.

"मी केलेली चालेल का?" त्यांनी विचारलं. "माझं सदोष आहे."

"माझंही आहे," मी म्हणालो.

मग त्यांनी नाव लिहिलं, सावकाश आणि पूर्ण.